वरचं की आतलं? धातू आणि मटेरियल तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज एमआयडीसीतल्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये माझी वीसेक वर्षं गेली. लोक काउंटरवर विचारतात, फोनवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणासुद्धा विचारतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे उतरवून ठेवले आहेत. उत्तर देण्याआधी मी जवळजवळ प्रत्येकाला एक उलटा प्रश्न करतो: तुम्हाला वस्तूचं वरचं बघायचंय की आतलं? तेवढं ठरलं नसेल तर टेस्टचे पैसे जातात आणि हातात नुसता शिक्का मारलेला कागद येतो.

वरचं आणि आतलं असं वेगळं कशाला? पितळ म्हणजे पितळ ना?

पितळेचं पातेलंच घ्या. त्याचं वजन, त्याची ताकद, ते किती तापलं की वितळेल, चुलीची आंच भातापर्यंत किती लवकर पोचेल, हे सगळं आतल्या गाभ्यावर ठरतं. पण त्यात रात्रभर ताक ठेवलं आणि सकाळी ते कळकलं, तर तो वरच्या थराचा प्रताप. आंबटाने पृष्ठभागावरचं तांबं सोडवून घेतलं. खाली मिलिमीटरभर पितळ जसंच्या तसं आहे.

म्हणून कल्हई. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागराची पूड टाकतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवतो. पांढरा धूर निघतो तो नवसागराचा. पितळेवर बसलेला ऑक्साइड तो खाऊन टाकतो, आणि उघड्या पडलेल्या धातूला कथील लगेच धरतं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, पितळ ९०० च्याही वर, म्हणून भांड्याच्या गाभ्याला कळतसुद्धा नाही. थर इतका पातळ की भांड्याच्या वजनात फरक जाणवत नाही, पण ताक कळकायचं थांबतं.

मुळात कारण असं, की आतल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात आणि वरच्या अणूची एक बाजू उघडी असते. मग तो ऑक्सिजन, पाणी, तेल, घाम, जे भेटेल त्याच्याशी सोयरीक जमवतो.

जालन्याच्या सळईचं टोक ॲसिडमध्ये बुडवून रिंग दाखवतात. ती रिंग म्हणजे नक्की काय?

याच्यासारखं सोपं उदाहरण मला अख्ख्या मराठवाड्यात सापडलेलं नाही. जालना स्टीलचं गाव आहे. तिथल्या भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न, म्हणजे खनिजापासून केलेलं सच्छिद्र लोखंड, वितळतं आणि रोलिंग मिलमधून टीएमटी सळई बाहेर पडते. शेवटच्या रोलमधून निघालेली लालबुंद सळई थेट पाण्याच्या नळकांड्यातून जाते. सेकंदभराच्या आत बाहेरचा थर विझतो आणि मार्टेन्साइट नावाची कडक रचना तयार होते. आतला गाभा मात्र अजून लालच असतो. सळई कूलिंग बेडवर आली की ती आतली धग बाहेर येते आणि कडक झालेली कातडी थोडी नरमवते. गाभा सावकाश थंड होतो, त्यामुळे तो मऊ आणि लवचिक राहतो.

टोक कापून, घासून, नायटलने पुसलं, म्हणजे अल्कोहोलमध्ये दोन-पाच टक्के नायट्रिक ॲसिड, की मार्टेन्साइटचा भाग गडद दिसतो आणि गाभा फिका. पूर्ण, सारख्या जाडीची रिंग दिसली तर पाणी सगळीकडून सारखं लागलं. रिंगच्या जागी चंद्रकोर दिसली तर एका बाजूचं पाणी कमी पडलं. बहुतेक वेळा नोझल तुंबलेलं असतं, आणि आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्याला किती क्षार आहेत हे गिझर उघडलेल्या माणसाला सांगायला नको.

दोन सूचना मात्र मी नेहमी करतो. एक, रिंग दिसली म्हणजे ग्रेड सिद्ध झाला असं नाही. रिंगवरून प्रक्रिया कळते. ताकद कळायला सळई ओढूनच बघावी लागते. दुसरी जास्त महत्त्वाची. एका कंत्राटदाराने सळई लेथवर छान बारीक करून नमुना आणला होता, मशीनच्या जबड्यात नीट बसावी म्हणून. त्या बिचाऱ्याने टर्निंग करताना रिंगच काढून टाकली होती! उरला तो मऊ गाभा, मग रिझल्ट कमी येणारच. टीएमटी सळई पूर्ण व्यासाचीच ओढायची, साल काढून नाही.

५०० आणि ५०० डी यांत काय फरक? दुकानदार म्हणतो दोन्ही सारखेच.

यील्डच्या ताकदीत सारखेच. यील्ड स्ट्रेंग्थ म्हणजे ज्या ताणानंतर सळई कायमची लांबायला लागते तो, दोन्हींची किमान ५०० मेगापास्कल असावी लागते. फरक लांबण्यात आहे. आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे ५०० ला तुटण्याआधी किमान १२ टक्के लांबावं लागतं, ५०० डी ला १६ टक्के. डी मध्ये गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० टक्क्यांच्या आत, साध्या ५०० मध्ये ०.०५५ पर्यंत चालतं. हा सगळा आतला मामला आहे, वरून बघून कळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली त्यांना जास्तीचे ४ टक्के कशाला, हे मी समजावत बसत नाही. भूकंपात सळई वाकली तर माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो.

साइटवर स्वतः करण्यासारखी एकच तपासणी आहे: वजन. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की एका मीटरचे किलो मिळतात. १२ मिमीची सळई मीटरला ०.८८८ किलो भरायला हवी, त्यात ५ टक्के इकडेतिकडे चालतं.

भंगारातलं तांबं स्टीलमध्ये उतरतं म्हणतात. रिपोर्टमध्ये तर ०.३ टक्केच दिसतंय, एवढ्याने काय होतं?

गाभ्याला फारसं काही नाही. पृष्ठभागाला होतं. भंगारात मोटारींचं वायंडिंग, वायरिंग येतं, आणि तांबं एकदा वितळलेल्या स्टीलमध्ये गेलं की भट्टीत ते काढता येत नाही. पुढे बिलेट, म्हणजे स्टीलचा ओतलेला लांब ठोकळा, पुन्हा तापवताना वरच्या लोखंडाची हवेशी गाठ पडते आणि त्याची पापडी होते. तांब्याचं तसं होत नाही. लोखंड पापडीत जात राहतं आणि मागे राहिलेलं तांबं पापडीच्या खाली साचत जातं. १०८५ अंशाला ते वितळतं. बिलेट तर त्याहून जास्त तापलेलं असतं. स्टील बारीक स्फटिकांच्या दाण्यांचं बनलेलं असतं, हे पातळ तांबं त्या दाण्यांच्या सांध्यांत शिरतं, आणि रोलखाली दाब आला की पृष्ठभागावर बारीक फाटे पडतात. सोबत कथील असेल तर आणखी लवकर. मिलमध्ये याला हॉट शॉर्टनेस म्हणतात.

तुमचा स्पेक्ट्रोचा, म्हणजे ठिणगी पाडून धातूतले घटक मोजणाऱ्या मशीनचा, रिपोर्ट ०.३ म्हणतो, तो खोटा नाही. तो गाभ्याची सरासरी सांगतो. पापडीखालच्या त्या बारीक रेषेत मात्र जवळजवळ शुद्ध तांबं असू शकतं, आणि कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरलं तर ते तांबूस रंगाचं स्वच्छ दिसतं.

लोहार विळ्याला पाणी देतो, त्याला काही शास्त्र आहे का?

आहे, आणि माझ्या मते आमच्या भट्टीवरच्या पोरांनी एकदा तरी चांगल्या लोहाराशेजारी तासभर बसावं. विळा लाल करून धार पाण्यात बुडवली की ती कडक पण काचेसारखी ठिसूळ होते. मग लोहार धार दगडावर घासून पांढरी करतो आणि पाठीच्या बाजूची उरलेली धग धारेकडे यायची वाट बघतो. घासलेल्या पट्ट्यावर रंग सरकू लागतो: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा म्हणजे साधारण सव्वादोनशे अंश, निळा म्हणजे तीनशेच्या आसपास. हवा तो रंग धारेशी आला की पुन्हा पाण्यात.

हे रंग म्हणजे पृष्ठभागावर वाढणारी ऑक्साइडची साय. जाडी मायक्रॉनच्याही (मिलिमीटरचा हजारावा भाग) लहानशा अंशाएवढी. पाण्यावरच्या तेलासारखी ती प्रकाशाला रंग देते. म्हणजे लोहार वरच्या सायीवरून आतल्या स्टीलचं तापमान वाचतो. थर्मोकपल नाही, मीटर नाही. फक्त उन्हात बसून हे करू नये, रंग दिसत नाही. बहुतेक लोहार सावलीतच बसलेले दिसतील.

हार्डनेस टेस्ट वरची असते की आतली?

नावाने एकच टेस्ट, पण प्रत्येक मशीन वेगळ्या खोलीवर बोलतं. ब्रिनेलमध्ये १० मिमीचा गोळा ३००० किलोच्या भाराने दाबतात. डोळ्यांना दिसणारा खड्डा पडतो, ओतकामाला तो बरा. रॉकवेल सी मध्ये हिऱ्याचा शंकू, भार १५० किलो. तिथे एक पॉइंट म्हणजे खोलीत २ मायक्रॉनचा फरक. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, तेव्हा जॉबखाली, म्हणजे तपासायच्या वस्तूखाली, एखादा बारीक चुरा किंवा तेलाचा थेंब राहिला तर काय होईल ते बघा. ६० पॉइंट आले म्हणजे हिरा ०.०८ मिमी आत गेला. आणि ज्या थराचा कडकपणा मोजायचा तो त्याच्या निदान दसपट जाड हवा. थर ०.३ मिमीचा असेल तर शंकू थरासकट खालच्या मऊ गाभ्याला दाबतो आणि आकडा पडतो. तिथे कमी भाराचं व्हिकर्स लावायचं, म्हणजे हिऱ्याच्या पिरॅमिडने बारीक ठसा मारणारी टेस्ट.

आता माझीच एक गोष्ट. लॅबमध्ये लागून दोनेक वर्षं झाली असतील. हीट ट्रीटमेंट केलेल्या पिनांचा लॉट आला होता, ४५ पॉइंटच्या पुढे हवं होतं. मी एमरी पेपरने वरचा काळा थर पुसला, पाच पिना दाबल्या, ३६ ते ३८ आलं. फेल लिहून सही केली. पार्टीचा लॉट तीन दिवस अडकला. चौथ्या दिवशी आमच्या जुन्या साहेबांनी एक पीन कापायला लावली. कडेला ०.२ मिमीचा पांढरा पट्टा, फेराइट, म्हणजे जवळजवळ कार्बन नसलेलं मऊ लोखंड. भट्टीत वरचा कार्बन जळून गेला होता. त्याच्या आत ४८ पॉइंट! आणि ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलेलं, की या पिना पुढे अर्धा मिलिमीटर ग्राइंड होणार आहेत. म्हणजे मी असा थर मोजला होता जो वस्तूत राहणारच नव्हता. साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी तो कापलेला तुकडा माझ्या टेबलावर ठेवला, तो अजून तिथेच आहे.

पिना ग्राइंड न होता तशाच लागणार असत्या तर मात्र तो पांढरा पट्टा हाच दोष ठरला असता. म्हणून ड्रॉइंग आणा म्हणतो.

गिअरला "केस डेप्थ ०.६ ते ०.९", म्हणजे वरच्या कडक थराची मिमीमधली खोली, लिहिलेलं असतं. हे कशाला?

गिअरच्या दाताला दोन विरुद्ध गोष्टी हव्यात: घासून झिजू नये म्हणून वर कडक, धक्क्याने मोडू नये म्हणून आत चिवट. एकाच मटेरियलमध्ये हे दोन्ही कसं करायचं? कमी कार्बनचा दात घडवायचा आणि ९०० ते ९३० अंशांच्या भट्टीत कार्बन देणाऱ्या वायूत तासन्‌तास ठेवायचा. कार्बन वरून आत मुरतो, लोणच्याच्या फोडीत मीठ मुरावं तसा. मग तेलात विझवायचं. वर ५८ ते ६२ पॉइंट, आत तीस-चाळीस.

मुरलं किती हे बघायला दात आडवा कापतो आणि कडेपासून आत ठरावीक अंतराने मायक्रो व्हिकर्सचे ठसे मारत जातो. जिथे आकडा ५५० च्या खाली उतरतो ती केस डेप्थ. एका दाताला दहा-बारा ठसे, प्रत्येकाचे दोन्ही कर्ण मोजायचे. ज्यांना वाटतं लॅबवाले नुसते बसून असतात त्यांनी एकदा यावं.

मायक्रोस्कोपखाली बघायला जॉब कापावाच लागतो का? आणि दोन तास कशाला लागतात?

आतलं बघायचं तर कापावा लागतो. वेळ बघण्यात जात नाही, तयारीत जातो. कटरवर भरपूर कूलंट सोडून कापायचा. कोरडा कापला तर कड तापून रचनाच बदलते आणि मग आम्ही तुमची हीट ट्रीटमेंट नाही, आमच्या कटरची बघतो. मग बेकलाइटच्या पुडीत दाबून, दीडशे अंशांना शिजवून गोल वडी करायची. मग एमरी पेपर: २२०, ४००, ६००, ८००, १०००. प्रत्येक पेपरवर वडी ९० अंशात फिरवायची आणि आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत सोडायचं नाही. मधल्या पायरीला दांडी मारली की शेवटी मखमलीवर कितीही डायमंड पेस्ट लावा, तो एक ओरखडा तसाच राहतो. हा अनुभव प्रत्येक नव्या मुलाला येतो, सांगून कुणी ऐकत नाही.

आरशासारखी झालेली वडी मायक्रोस्कोपखाली ठेवली तर जवळजवळ काहीच दिसत नाही. ओतकामातला ग्राफाइट, अशुद्धींचे ठिपके तेवढे दिसतील. मग नायटलमध्ये काही सेकंद. चकाकी जाऊन पृष्ठभाग दुधी झाला की लगेच पाणी, मग अल्कोहोल, मग ड्रायर. आता दाण्यांच्या सीमा दिसतात, कारण सीमेवरचे अणू नीट बसलेले नसतात आणि ॲसिड तिथे जास्त खातं. दोन सेकंद जास्त झाले तर सगळं काळं, पुन्हा मखमलीवर.

सराफाच्या मशीनवर २२ कॅरेट आलं. ते पक्कं समजायचं का?

ते मशीन म्हणजे एक्सआरएफ. क्ष-किरण टाकायचे, धातू आपल्या ओळखीचे किरण परत सोडतो, त्यावरून टक्के काढायचे. दागिन्याला ओरखडाही येत नाही, दोन मिनिटांत काम. पण सोनं इतकं दाट आहे की आतून निघालेले किरण आतच अडकतात. बाहेर येतात ते वरच्या दहाएक मायक्रॉनमधलेच. म्हणजे मशीन खरं बोलतं, पण कातडीबद्दल. जाड मुलामा असेल तर त्याला खालचं दिसत नाही.

जुन्या कसोटीच्या दगडाचंही तसंच, वरचाच कस उमटतो. म्हणून जाणता सराफ आधी कानसीने एक चीर पाडायचा आणि मग कस लावायचा. पूर्ण खात्री हवी तर अग्निपरीक्षा: सोन्याचा तोललेला तुकडा चांदी आणि शिशासोबत तापवतात, शिसं तांब्यासारखे हलक्या प्रतीचे धातू घेऊन जातं, चांदी नायट्रिकमध्ये विरघळते, उरलेलं सोनं पुन्हा तोलतात. तुकडा जातो, पण उत्तर गाभ्याचं असतं.

पाण्यात तोलून बघावं म्हणाल तर साध्या भेसळीला ते पुरतं. टंगस्टनला नाही. सोन्याची घनता १९.३, टंगस्टनची जवळजवळ तेवढीच. तिथे अल्ट्रासॉनिक लावतात, दोन्हींत ध्वनीचा वेग फार वेगळा आहे.

चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नाही, बरोबर?

नाही. ४३० ग्रेडला चिकटतं आणि ते स्टेनलेसच आहे. ३०४ ला चिकटत नाही, पण त्याचंच सिंक ठोकून केलं की कोपऱ्यांना थोडं चिकटतं. आणि बाजारातलं मँगनीज घातलेलं स्वस्त २०० सिरीजचं स्टील चुंबकाला मुळीच दाद देत नाही, तरी गंजतं. फसवणूक नेमकी याच जागी होते. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. निकेल महाग, म्हणून तेच बघायचं. हातातल्या एक्सआरएफ गनने निकेल लगेच कळतं. ३०४ की ३०४ एल हे मात्र गनने कळत नाही, फरक कार्बनचा आहे आणि कार्बनचे किरण हवेतच मरतात. त्याला स्पार्क स्पेक्ट्रो.

स्टेनलेसला गंज का लागत नाही? क्रोमियमच्या ऑक्साइडची दोन-तीन नॅनोमीटरची (मायक्रॉनचा हजारावा भाग) साय. खरचटली तर आपोआप पुन्हा धरते. फक्त क्लोराइडशी तिचं जमत नाही, म्हणून खाऱ्या बोअरवरच्या पंपाला कधीकधी टाचणीएवढी भोकं पडतात आणि बाकी अंग चकचकीत असतं.

सॉल्ट स्प्रेचे २४० तास म्हणजे किती वर्षं?

असा हिशेब नाही. ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश, सतत फवारा. मराठवाड्यात समुद्र कुठे आहे? गंजाची ही टेस्ट दोन लॉटमधला चांगला-वाईट ओळखायला आहे. त्यावरून वर्षांची गॅरंटी कुणी देत असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या.

बिदरीचं भांडं काळं कशामुळे होतं? रंग असतो का?

रंग नाही. उदगीर-देगलूरकडचे लोक हा प्रश्न हमखास आणतात, बीदर त्यांना हाकेच्या अंतरावर. बिदरीचा धातू म्हणजे जवळजवळ सगळं जस्त आणि थोडंसं तांबं. ओतल्यावर कारागीर त्याला मोरचूद चोळतो, म्हणजे तात्पुरता काळा रंग येतो आणि कोरलेली रेघ उठून दिसते. कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवतो, घासून सगळं पुन्हा पांढरं करतो. या टप्प्यावर चांदी आणि जस्त वेगळं ओळखूसुद्धा येत नाही. मग बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लगदा चोळतात. कल्हईतला तोच नवसागर. पृष्ठभागावरचं जस्त विरघळून जातं, मागे तांब्याने भरलेला काळा थर राहतो. चांदीला काहीच होत नाही. शुद्ध जस्तावर हा काळा रंग धरत नाही. गाभ्यात घातलेलं ते थोडं तांबं वरच्या रंगासाठीच असतं.

घासणीने घासू नका. थर गेला की धातू करडा दिसतो.

कोणतं मशीन किती खोल बघतं, एकदाच सांगा.

सगळ्यात उथळ एक्सपीएस, क्ष-किरणांनी पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन उडवून घटक ओळखणारं: वरचे ५ ते १० नॅनोमीटर. इतकं नाजूक, की हवेत ठेवलेल्या कुठल्याही नमुन्यावर त्याला कार्बन दिसतो, बोट लावलं तर विचारूच नका. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला जोडलेलं, घटक ओळखणारं ईडीएस एक-दोन मायक्रॉन. क्ष-किरणांनी अणूंची मांडणी बघणारं एक्सआरडी स्टीलमध्ये काही मायक्रॉन. त्यात तांब्याची ट्यूब लावली तर लोखंड स्वतःच चमकायला लागतं आणि आलेख धुरकट होतो, कोबाल्टची ट्यूब बरी. स्पार्क स्पेक्ट्रो दहा-वीस मायक्रॉन जाळून वाचतं, म्हणून आधी ग्राइंडिंग. अल्ट्रासॉनिक आरपार. न्यूट्रॉन काही सेंटिमीटर, पण त्याला बहुतेक अणुभट्टी लागते.

विद्यार्थ्यांसाठी: हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणार नाही. आयआयटी मुंबईचं सैफ हे उपकरण केंद्र आहे, इंदूरला आरआरकॅट या संशोधन संस्थेचा इंडस-२ सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर क्ष-किरणांचा स्रोत, आहे, आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं बुक करता येतात. गाइडला विचारून अर्ज लवकर करा, नंबर यायला वेळ लागतो.

हिंगोलीला लायगो येतंय. त्याचा आणि तुमच्या कामाचा काय संबंध?

लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी, अवकाशातल्या अतिसूक्ष्म थरथरी, पकडणारी वेधशाळा. औंढा नागनाथजवळ होणाऱ्या या प्रकल्पाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर केले. ४ किलोमीटरच्या दोन भुजा आणि टोकाला आरसे. लोक गुरुत्वीय लहरींबद्दल विचारतात. मला त्या आरशांबद्दल बोलायला आवडतं. अमेरिकेतल्या लायगोचा आरसा म्हणजे ४० किलोचा फ्यूज्ड सिलिकाचा ठोकळा, ३४ सेंटिमीटर व्यास, २० सेंटिमीटर जाड. त्यावर सिलिका आणि टँटालम ऑक्साइडचे आलटून पालटून थर, सगळे मिळून काही मायक्रॉन. आणि कंपनांच्या ज्या पट्ट्यात यंत्र सगळ्यात नाजूक असतं तिथे जी कुरकुर नडते, तिच्यातला मोठा वाटा त्या काही मायक्रॉनच्या थरांतल्या अणूंच्या थरथरीचा असतो! ठोकळा शांत आहे, पापुद्रा बोलतो. जगभर माणसं त्या पापुद्र्यासाठी नवं मटेरियल शोधत आहेत.

भुजेच्या नळीचं उलटं. लेझरचा किरण जाणारी ही नळी ३०४ एल स्टेनलेसची, सव्वा मीटरच्या आसपास रुंद आणि ३ मिमी जाड. आत जवळजवळ पूर्ण पोकळी हवी. पृष्ठभाग धुऊन पुसून लख्ख केला तरी भागत नाही, कारण स्टील ओततानाच गाभ्यात मुरलेला हायड्रोजन वर्षानुवर्षं झिरपत पृष्ठभागावर येतो. म्हणून स्टील आधी तापवून तो हाकलावा लागतो. आरशात वरचं नडतं, नळीत आतलं.

शाफ्ट तुटलाय. तुटलेले तुकडे आणू का फोटो चालतील?

तुकडे आणा, दोन्ही. आणि कृपा करून ती दोन तोंडं एकमेकांना जुळवून बघू नका. प्रत्येक जण तेच करतो. एकदा जुळवलं की उंचवटे घासतात आणि पुरावा गेला. तारेच्या ब्रशने गंज काढू नका, पेट्रोलने धुऊ नका. तोंडावर शिंपल्यासारख्या वलयांच्या रेघा असतील तर शाफ्ट एका झटक्यात तुटलेला नाही, महिनोन्‌महिने थोडा थोडा चिरत गेला. वलयांचा मध्य बहुतेक वेळा पृष्ठभागावर मिळतो: कीवेचा, म्हणजे शाफ्टवरच्या चावीच्या खाचेचा, धारदार कोपरा, वेल्डिंगचा उडालेला ठिपका, लेथच्या टूलचा खोल ओरखडा. केमिकल पास, टेन्साइल पास, हार्डनेस पास, आणि शाफ्ट तुटलेला. मालक वैतागतो, की मग रिपोर्ट काय कामाचे. गाभ्याचे रिपोर्ट खरेच होते. चीर वर पडली होती.

नमुना आणताना काय काय लागतं?

ड्रॉइंग किंवा निदान ग्रेडचं नाव. वस्तू पुढे मशीन होणार की तशीच लागणार, हे. गॅस कटरने कापली असेल तर कापलेल्या कडेपासून चांगला बोटभर जादा तुकडा, कारण ती कड जळलेली असते. स्पेक्ट्रोला एक रुपयाच्या नाण्याहून मोठी सपाट जागा लागते. सळई असेल तर अर्धा मीटरचे तीन तुकडे, वाकलेले नकोत. तुटलेल्या तोंडाला कोरडा कागद गुंडाळा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरतो. मागच्या पावसाळ्यात परभणीहून एक जण थ्रेशरचा शाफ्ट ओल्या गोणपाटात बांधून एसटीने घेऊन आला. सोडला तेव्हा वलयांच्या जागी सगळीकडे पिवळा गंज. त्यांना चहा पाजला आणि दुसरा तुकडा कुठे पडलाय का, ते विचारलं. शेतात पडला होता, कडबा-कुटीच्या पत्र्याखाली. कोरडा.